म्हशीवरचा निबंध

मंगळवार, संध्याकाळ

डोकं नुसतं फिरलंय. सातवीला महिनाभर घसा फोडून शिकवलं, की आधी आपलं मत एका सरळ वाक्यात सांगा आणि मग 'कारण' लिहून ते पटवून द्या. आज 'म्हैस' या विषयावरचे निबंध तपासले. सगळ्या वह्यांत गाइडातलं एकच वाक्य, 'म्हैस हा उपयुक्त प्राणी आहे.' एकट्या सुजातानं लिहिलं होतं, 'म्हैस मला आवडत नाही, कारण तिची धार काढण्यात माझा पहिला तास रोज बुडतो.'

मी खूश होऊन तो निबंध भिंतीवर लावायला काढला, तर हेडसर कडाडले, "ओ बाई, उद्या दूध संस्थेचे चेअरमन बक्षीस द्यायला येणार आणि हे लावताय व्हय? निबंध हाय का तक्रार?"

आणि मी काय म्हणाले? "बदलून घेते सर." लाज वाटायला हवी होती!

मधल्या सुट्टीत सुजातानं खाडाखोड करून लिहून आणलं, 'म्हैस ही आमच्या घरची लक्ष्मी आहे.' वर मलाच विचारते, "आता बरोबर हाय न्हवं, बाई?" मी खाली 'छान' असा शेरा मारला. 'छान'! शाळेतून कोल्हापूरला येईपर्यंत एसटीत तिचं पहिलंच वाक्य डोक्यात घुमत होतं. माझं ऐकणारी वर्गात ती एकटीच निघाली, आणि तिलाच मी खोडायला लावलं.

आता तोच नियम स्वतःला लावून बघते. मी आज सरांपुढं मान तुकवली, कारण...

अर्धा तास झाला, पुढचं लिहवत नाही. सुजाताला ते एका ओळीत जमलं होतं.