हळदी लुगडं

अल हिलाल, दोहा
शुक्रवार, ५ जानेवारी २०१८

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तुझ्यापर्यंत अर्धंही पोचत नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या गल्लीतला सदानंद ह्यांच्याच कंपनीत आहे. तो आज रात्री सुट्टीवर निघतोय, त्याच्याकडे देते. सोबत खजूर आहेत. सगळे शेजाऱ्यांना वाटून मोकळी होऊ नकोस.

काल इथे वादळ झालं. वारा, विजा आणि वर्षाचा सगळा पाऊस एका रात्रीत. इथल्या रस्त्यांना पावसाची सवय नाही. त्यात वर्ल्ड कपच्या तयारीत अख्खं शहर खणून ठेवलंय. मेट्रो, गटारं, नवे पूल; काल होता तो रस्ता आज नसतो. आता सगळीकडे पाणी साचलंय आणि खाली डांबर आहे की खड्डा, कळत नाही. हे कालपासून साइटवर पंप लावत बसलेत.

आज-उद्या इथली शुक्रवार-शनिवारची सुट्टीच आहे. पण रविवारी शाळा उघडायची की नाही, हे ज्या त्या शाळेनं ठरवायचं, असा वरून निरोप आलाय. प्रिन्सिपल सर गावी गेलेत, म्हणून ती खुर्ची माझ्याकडे. उद्या संध्याकाळी सातपर्यंत पालकांना कळवायचं आहे. अध्यक्षांचं म्हणणं, बारावीची पूर्वपरीक्षा आहे, उघडा. आईवडील दोघेही नोकरीला जाणारी कितीतरी घरं आहेत. शाळा बंद ठेवली तर लहान मुलं दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेली. आणि उघडली तर बसभर मुलं त्या पाण्यातून आणायची. मला तर उघडावी असंच वाटतंय.

आज सारखे दादा आठवतायत. पेठकडे ते मास्तर होते, तेव्हा शाळेजवळच्या ओढ्याला पाणी आलं की पलीकडच्या पाड्यावरची मुलं कौलांकडे बघत बसायची. तुझं हळदी लुगडं कौलांवर चढलं की शाळा आहे, नाही तर घरी राहा. दादांना कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. त्यांना कळायचं तरी कसं गं? माझ्याकडे तीन हवामानखाती आणि शंभर व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, तरी कळत नाही.

आणि त्या सकाळी ते मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचे, आठवतं? पलीकडे हिराबाईकडे गुळाचा कोरा चहा प्यायचा आणि परत. नमीताई जड म्हणून तिला कधी नेलं नाही, ते ती अजून बोलून दाखवते. माझ्या लहानपणातली सगळ्यात सुंदर सहल ती! पाण्याचा आवाज, दादांचे ओले केस, आणि पलीकडून परतताना दारात उभी असलेली तू.

तुझं उत्तर यायच्या आत मला ठरवावं लागेल. तरी तुला लिहिलं की डोकं जरा जाग्यावर येतं. गार्गी तिसरीत गेली तरी मराठीला इंग्रजीतूनच उत्तर देते. तुला नमस्कार मात्र तिने मराठीत सांगितला आहे.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
शैला

---

नाशिक
शनिवार दुपार

चि. सौ. शैलूस अ. उ. आ.

सदानंद समोर बसून पोहे खातोय. पोहे संपेपर्यंत लिहून द्या, फोटो काढून लगेच पाठवतो म्हणतो. म्हणून अक्षर असं. खजूर पोचले. दोन घरी दिले, रागावू नकोस.

तुझ्या दादांना काही कळत नसे. हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे. काठी घेऊन ओढ्यावर जायचे, पाणी बघायचे आणि तोंड पाडून परत यायचे. आपलं घर शाळेच्या बाजूला. तुम्हा दोघींना ओढा ओलांडायची वेळच येत नसे. ते म्हणायचे, माझी पोरं कोरड्या अंगाने शाळेत जाणार आणि मी दुसऱ्याच्या पोरांना पाण्यात बोलावणार, हे मला जमायचं नाही. म्हणून आधी तुला घेऊन जायचे. तू पलीकडे जाऊन धड परत आलीस, तर पाड्यावरची मुलंही मोठ्या माणसांचा हात धरून येतील. मध्येच पाय सरकला की मागे फिरायचे, आणि त्या दिवशी शाळा नाही. ती सहल नव्हती बाई.

मी किती भांडले असेन! भांडून काही होईना, तेव्हा मी लुगडं माझ्याकडे ठेवायला लागले. तू माझ्या कडेवर आल्याशिवाय ते मी त्यांच्या हातात दिलं नाही. गावाला वाटे, लुगडं वर चढलं म्हणजे शाळा उघडली. माझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच होता, की माझी पोर परत आली. नमीला नेलं नाही, कारण तिचं समजण्याएवढं वय होतं. ती घाबरली असती.

तू मात्र असलं काही करू नकोस. ते दादा होते आणि तो गुडघाभर पाण्याचा ओढा होता. शाळा उघड नाही तर बंद ठेव, आणि पोटभर जेव.

पोहे संपले. पोरीला माझा पापा दे.

तुझी आई

---

अल हिलाल, दोहा
मंगळवार, ९ जानेवारी २०१८

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

आधी रागावून घे, मग पुढे वाच. तू नको म्हणालीस तेच मी केलं.

तुझ्या पत्राचा फोटो आला तेव्हा पालकांना पाठवायचा मजकूर माझ्यासमोर तयार होता. शाळा नेहमीप्रमाणे सुरू राहील, असा. तुझं पत्र वाचलं आणि बोट थांबलं. गार्गी माझ्या गाडीतून येते, घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता कोरडा. म्हणून मला उघडावीशी वाटत होती का? मला माझीच लाज वाटली. मी फजलभाईंना बस काढायला सांगितली. ते आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. गार्गीला शेजारी बसवलं आणि सगळ्यात लांबचा रूट धरला, अल अझीझियाचा. हे साइटवर होते, त्यांना नुसता मेसेज टाकला.

पोरगी खूश! रिकामी बस, हवी ती सीट, खिडकीबाहेर तळ्यासारखे चौक. अझीझियाहून परत निघेपर्यंत काही झालं नाही. मनात म्हटलं, झालं, उघडू या. मग अल मुंतझातल्या एका गल्लीत पाणी लागलं. मध्यावर खोदकामाचे प्लॅस्टिकचे अडथळे तरंगत होते. म्हणजे खड्डा कुठे आहे ते सांगायला तिथे काहीच उरलं नव्हतं. फजलभाईंनी बस थांबवली. मी म्हटलं, हळूहळू काढता येईल का? ते हिंदीत म्हणाले, एकटा असतो तर काढली असती मॅडम, बच्ची बसली आहे, नाही काढणार. आणि त्यांनी गाडी मागे घेतली. उद्या त्याच सीटवर कुणाची ना कुणाची बच्ची बसणार होती. मी तिथूनच अध्यक्षांना फोन केला की रविवारी शाळा बंद.

त्यांनी मला पुष्कळ ऐकवलं. शिवाय रविवारी लख्ख ऊन पडलं, दुपारपर्यंत त्या गल्लीतलं पाणीही ओसरलं, आणि ग्रुपवर दिवसभर माझी थट्टा चालली होती. नर्स असलेल्या दोघीजणींनी आपल्या मुलांना घरी ठेवून ड्यूटी कशी केली ते मला तिखट शब्दांत कळवलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. माझं बरोबर होतं की नाही, हे आता कधीच कळायचं नाही. दादांनी ज्या दिवशी लुगडं चढवलं नाही, त्या दिवसांचंही असंच होत असेल ना? हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला फक्त वर चढलेलं लुगडं आठवत होतं.

सोमवारी शाळा उघडली, सगळी मुलं आली.

एक सांगायचं राहिलं. शनिवारी आम्ही परतलो तेव्हा हे साइटवरचे चिखलाचे बूट तसेच घालून बिल्डिंगच्या दारात उभे होते. गार्गीला उचलून घेतलं आणि तिच्या केसांत तोंड घालून उभे राहिले. इतक्या वर्षांनी मला तू दिसलीस, दारातली, हातात लुगडं घट्ट धरलेली. मला वाटायचं तू मला हसत बघतेस. आई, तू रडत होतीस ना?

रात्री गार्गीने आपण होऊन मराठीत विचारलं, आई, परत कधी जायचं फिरायला?

मी तिला काही सांगितलं नाही. तूही इतक्यात सांगू नकोस.

ते लुगडं अजून असेल तर जपून ठेव, उन्हाळ्यात येईन तेव्हा मला हवं आहे. तोवर रागासकट लोभ असू दे.

तुझी,
शैला