लिंबाला पाणी घालू नका

अहो,

मी येईपर्यंत लिंबाला थेंबभरही पाणी घालू नका. पानं पिवळी पडली ती तहानेने नव्हे. तुम्ही फिरायला गेल्यावर कुंडी उपडी केली, तर तळाशी नुसता चिखल आणि निम्मी मुळं काळी पडून कुजलेली. ती कापून झाड कोरड्या मातीत लावलंय, गॅलरीत सावलीला ठेवलंय. इथून पुढे बोट दोन पेरं आत घालून पाहायचं, माती कोरडी लागली तरच पाणी.

चूक दोघांची आहे. मी रोज दुपारी घालत होते. तुम्ही पहाटे घालता, हे काल तुमच्या ओल्या चपलांवरून कळलं. मुलाचं नाव या घरात काढायचं नाही, असं वर्षापूर्वी तुम्हीच बजावलंत, आणि त्याने लावलेल्या झाडाला मात्र चोरून पाणी. धन्य आहे तुमची.

मी त्याच्याकडे निघालेय. आजचं कीर्तन चुकेल, पण देव काही हजेरी घेत नाही. रविवारी त्याला घेऊनच येईन.

तोवर पहाटे हात शिवशिवले, तर त्याला फोन करा. नंबर कुंडीला चिकटवलाय. झारी मी कपाटात कुलूपबंद केलीय.