आईंच्या मापाचा तलाव

प्रिय ताई,

तुम्हाला आणि भावोजींना माझा वाकून नमस्कार. तुमचा खोकला आता कसा आहे? भावोजींची कंबर धरली होती ती सुटली का, की अजून ते खुर्चीतून उठताना सगळ्या घराला हाक मारतात? इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून मीही लिहिते. ठीक म्हणजे छत जागेवर आहे आणि माणसं बहुतेक वेळ कोरडी असतात. तुम्ही फोनवर तुमच्या बंधुराजांना विचारलंत की बाबांनी घरात काय काढलंय, आणि त्यांनी "छोटंसं बांधकाम" एवढंच सांगून विषय बदलला, हे मला कळलं. (तुमचे बंधू घराला आग लागली तरी "जरा ऊब आहे" म्हणतील.) तर ते छोटंसं बांधकाम म्हणजे पोहण्याचा तलाव आहे. घरात. तळमजल्यावर, बाबांच्या शिवणकामाच्या कारखान्यात. आता नीट बसून घ्या, कारण मी पहिल्यापासून सांगणार आहे आणि मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुम्ही जाणताच.

आईंच्या खुब्याच्या ऑपरेशनला आठ महिने झाले. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की रोज अर्धा तास कोमट पाण्यात चालायचं, नाहीतर डावा पाय आखडेल तो कायमचा, आणि काठीच्या जागी चाकाची खुर्ची येईल. आम्ही आईंना सार्वजनिक तलावावर एकदा नेलं. एकदाच. तिथल्या एका भल्या बाईंनी धावत येऊन त्यांचा दंड धरला आणि "सावकाश हं आजी" म्हटलं. झालं. अख्ख्या कारखान्याच्या हिशेबाच्या वह्या एकटीने सांभाळलेल्या बाईला कुणी दंडाला धरतं का? आई तिथल्या तिथे मागे फिरल्या, घरी आल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या, त्या बसूनच राहिल्या. आम्ही समजावलं, तुम्ही फोनवर समजावलंत, डॉक्टर रागावले. आईंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं.

 तिसऱ्या दिवशी बाबा खाली कारखान्यात गेले आणि सहापैकी पाच मशिनं विकून आले. ताई, मी या घरात येऊन एकोणीस वर्षं झाली. बाबांनी त्या मशिनांना कधी दुसऱ्याला तेलसुद्धा घालू दिलं नव्हतं. कापड बेतायचं ते लांबलचक टेबल गेलं, इस्त्रीचा कट्टा गेला, उरलं एक मशीन, भिंतीवरचा मोठा आरसा आणि कोपऱ्यातली ट्रायल रूम. मग बाबांनी तपकिरी कागदाचा अख्खा गठ्ठा आणला, जमिनीवर अंथरला आणि गुडघ्यांवर बसून खडूने तलाव बेतायला घेतला. मी विचारलं की बाबा, तलावाचा नकाशा काढणारी माणसं असतात ना? ते म्हणाले, असतात, पण ती तयार मापाचे कपडे विकणाऱ्यांसारखी, कुणाच्याही अंगाला थोडं थोडं येणारं. मला हा एकाच माणसासाठी शिवायचाय.

आणि खरंच त्यांनी तो शिवला. टेप गळ्यात घालून ते वर आले आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या आईंची मापं घेतली. पाण्याची खोली आईंच्या छातीपर्यंत, म्हणजे पावणेचार फूट. कडेचा धरायचा दांडा आईंच्या मनगटाच्या उंचीवर. रुंदी किती, तर आईंनी दोन्ही हात पसरले तरी एखादीला शेजारून चालता आलं पाहिजे एवढी. सगळ्यात नाजूक माप होतं पायरीचं. आईंचा डावा पाय जमिनीपासून किती उचलला जातो ते बाबांनी जमिनीवर मांडी ठोकून मोजलं. साडेचार इंच. (आईंनी तेवढ्यापुरतं वर्तमानपत्र खाली केलं, पाय उचलला आणि परत वर केलं. मापाला त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही, लग्नाआधीपासूनची सवय.) तर आपल्या तलावाच्या सगळ्या पायऱ्या साडेचार इंचांच्या आहेत आणि त्या दहा आहेत. तलाव कमी आणि जिना जास्त, असं म्हणणारी मी नव्हे, गवंडी.

गवंडीबुवांबद्दल लिहायलाच हवं. माणूस अतिशय गुणी, पण मानी. बाबांचा कागदी तलाव बघून त्यांनी पहिल्या दिवशी "काका, हौद म्हणा की याला" असं म्हटलं, तेव्हाच दोघांची जुंपली. बाबांनी चारी बाजूंना दीड दीड इंच जास्तीचं धरलं होतं. का? तर शिवणीत जाईल म्हणून! गवंडीबुवा पोट धरून हसले. विटांना कसली शिवण आणि काँक्रीटला कसले टाके, असं म्हणत त्यांनी बाबांचं जास्तीचं माप खोडून टाकलं. बाबांनी ते खडूने परत लिहिलं. त्यांनी परत खोडलं. शेवटी बाबा वरचढ ठरले, कारण खडू त्यांचा होता. पुढे भिंती उभ्या राहिल्या, पाणी झिरपू नये म्हणून थर चढले, गिलावा झाला, फरशा बसल्या, आणि गवंडीबुवांनी टेप लावला तर तलाव बाबांच्या कागदाबरहुकूम, केसभर कमी नाही की जास्त नाही. भांडणाच्या भरात त्या बिचाऱ्यांनी आपल्याच गिलाव्याची आणि फरशीची जाडी धरली नव्हती. ती बरोब्बर दीड इंच भरली. गवंडीबुवांनी टेप पुन्हा लावून पाहिला. त्या दिवसापासून ते बाबांना काका म्हणत नाहीत, मास्तर म्हणतात.

(मध्ये एक ट्रायलही झाली ती सांगायची राहिली. कच्ची शिलाई घातल्याशिवाय बाबा पक्की करत नाहीत. खुर्च्या मांडून, त्यांना चादरी बांधून, कागदी तलावाच्या मापाचा खोटा तलाव उभा केला. आई खाली यायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांच्या जागी तुमच्या बंधुराजांना डावा पाय ताठ धरून चालवलं. त्यांनी ते तासभर इतकं मन लावून केलं की संध्याकाळी खरंच लंगडत होते.)

आता फजितीचं सांगते. फरशा बसवायच्या आधी तलाव भरून सात दिवस ठेवतात आणि पाणी उतरतं का ते बघतात. गवंडीबुवांनी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि बजावलं की कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली बोटभर. तिसऱ्या दिवशी आणखी बोटभर. त्यांनी तलाव रिकामा केला, एक कोपरा फोडला, परत केला. परत भरला, परत बोटभर. दुसरा कोपरा फोडला. ताई, त्या माणसाचा चेहरा बघवेना. तीस वर्षांत आपल्या हातचं टाकं कधी गळलं नाही, आता या वयात काकांच्या घरी नाक कापलं गेलं, असं म्हणून ते डबासुद्धा उघडेनात. तिसऱ्यांदा भरल्यावर मात्र त्यांनी स्टूल घेतलं, तलावाच्या काठाशी ठेवलं आणि सकाळपासून राखण करत बसले.

नऊ वाजता मी खाली गेले. हातात दोन बादल्या. (तुमच्यापासून काय लपवायचं?) आईंचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे, भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं फरशीला, चांगलं पाणी नुसतं ओतून दिलं तर त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. एवढं स्वच्छ पाणी सात दिवसांनी गटारात जाणार, या विचाराने मला झोप नव्हती. म्हणून मी घरातले सगळे पडदे धुवायला काढले होते. गवंडीबुवांना बघून मी बादल्या मागे लपवल्या आणि चहा आणू का म्हणून विचारलं. सव्वानऊला तुमचे बंधुराज आले, त्यांच्या हातात कुंड्यांची झारी आणि गाडी धुवायची बादली. त्यांनी हवापाण्याची चौकशी केली. आणि साडेनऊला, ताई, प्रत्यक्ष बाबा आले. काखेत कापडाचा तागा, हातात घंगाळाएवढी बादली. कापड शिवल्यावर आटू नये म्हणून आधी भिजवायचं होतं! गवंडीबुवा स्टुलावरून उठले, आम्हा तिघांच्या बादल्यांकडे त्यांनी एकेक करून पाहिलं आणि पुन्हा बसले. माझी तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं अशी अवस्था झाली.

तेवढ्यात वरून आवाज आला. आई हसत होत्या. जिन्याच्या तोंडाशी काठी टेकून उभ्या राहून त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मग त्या एकेक पायरी उतरून खाली आल्या, गवंडीबुवांची माफी मागितली (आम्हा कुणालाच हे सुचलं नव्हतं) आणि त्यांच्या शेजारी बसून पाणी बघत राहिल्या. त्या सात दिवसांत पाणी केसभरही उतरलं नाही. गवंडीबुवांनी ती पेन्सिलची रेघ सगळ्यांना पुन्हा पुन्हा दाखवली.

तलाव तयार झाला. काय सांगू किती देखणा झालाय! फिकट हिरव्या फरशा, पाणी कोमट, आरशात तो दुप्पट मोठा दिसतो. वाफेने वरच्या मजल्याचे ड्रॉवर फुगून बसले आणि न्हाणीघराचं दार लागेना, पण हवा बाहेर फेकणारा पंखा बसवल्यावर तेही निवळलं. बाबांनी उरलेल्या मशिनवर आईंसाठी पोहण्याचा पोशाख शिवला, गडद निळा, पूर्ण बाह्यांचा, आणि त्याला दोन खिसे. रुमाल कुठे ठेवणार, हा त्यांचा प्रश्न. मग उद्घाटनाचा दिवस आला. आई पोशाख घालून पहिल्या पायरीशी उभ्या राहिल्या, आणि बाबांनी कानामागे पेन्सिल खोचून, मान तिरकी करून म्हटलं, "हं, दोन पावलं चाला. आता वळा."

सवय हो, दुसरं काय! पण आई वळल्या त्या थेट जिन्याकडे. जाताना एवढंच म्हणाल्या, "मी तुमचं गिऱ्हाईक नाही."

याला तीन आठवडे झाले. बाबा रोज पाण्यात थर्मामीटर बुडवतात, जाळीने न पडलेला कचरा काढतात आणि दांडा पुसून ठेवतात. पुढच्या महिनाअखेरीस डॉक्टर पाय तपासणार आहेत आणि खुर्चीचं काय ते तेव्हा ठरेल. आम्ही सगळे तोंडाला कुलूप लावून बसलो आहोत. बाबांकडे बघून मला भरून येतं, दुसरं काय लिहू? भावोजींना जपायला सांगा, तुम्हीही जपा.

तुमची,
बादलीवाली भावजय

ता. क. : वरचं सगळं खरं आहे, पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. कृपा करून बाबांना पंधरा दिवस तुमच्याकडे बोलावून घ्या. नुसतं "या" म्हटलं तर येणार नाहीत. भावोजींचे कोट ढगळ झालेत, तिकडचा शिंपी हात लावायच्या लायकीचा नाही, असं काहीतरी लिहा. शिंप्याला नावं ठेवलीत की पहिल्या गाडीने निघतील.

ता. क. दुसरा (हा फक्त तुमच्यासाठी) : आई पाण्यात उतरतात. आज नववा दिवस. बाबा दुपारी दोन ते तीन झोपतात तेव्हा. पहिल्या दिवशी दोनच पायऱ्या उतरल्या आणि माझं मनगट इतकं दाबलं की अजून दुखतंय. काल माझं एक बोट धरून चार फेऱ्या झाल्या. पण बाबांची झोप हल्ली लवकर मोडते, परवा ते पावणेतीनलाच खाली आले आणि आम्ही दोघी ओल्या अंगाने ट्रायल रूममध्ये लपून बसलो. मी म्हटलं, आई, त्यांना सांगून का टाकत नाही? तर म्हणाल्या, जन्मभरात त्यांनी कुणाला अर्धवट शिवलेला कपडा घालून घरी पाठवलं नाही, मीही त्यांना अर्धवट चाल दाखवणार नाही. बोट सोडून, दांडा सोडून, दहाही पायऱ्या एकटीने चढून यायचंय. त्यासाठी पंधरा दिवस हवेत. तेवढे द्या.

*(पेन्सिलने, पाकिटाच्या आतल्या बाजूला)*

चि. ताईस आशीर्वाद. सूनबाईने पाकीट टपालात टाकायला दिलं, ते मी वाफेवर धरून उसवलं आणि पुन्हा चिकटवलं. जन्मभर उसवायचंच काम केलंय, कुणाला कळणार नाही. वाचायला नको होतं, पण वाचण्याआधीही मला ठाऊक होतं. झोपेतून उठून खाली गेलो की फरशीवर ओल्या पावलांचे ठसे असतात. एक जोडी सूनबाईची. दुसऱ्या जोडीत उजवं पाऊल पूर्ण आणि डाव्याची नुसती बोटं, असं आठ दिवस होतं. काल डाव्या टाचेचा ठसा उमटलाय. मी वाकून मोजला.

तेव्हा पंधरा नको, वीस दिवस बोलाव. तिला घाई होता कामा नये. आणि जावईबापूंचे कोट खरंच ढगळ करून ठेव, नाहीतर वीस दिवस मी तिकडे बसून करू काय?