साडूच्या अंगणातलं स्वयंपूर्ण घर

२ मार्च
व्हॅन आली. आजपासून रोज लिहायचं. पुढे लोक विचारतील, कसं जमवलंत, तेव्हा तारखा लागतील.

आमच्या इमारतीत पार्किंग नाही, म्हणून नाइलाजाने गाडी साडूच्या अंगणात लावली. साडू चाकांभोवती एक फेरी मारून गेला. म्हणाला, डबा बरा आहे. मी दुर्लक्ष केलं. या माणसाने आयुष्यात एक खिळा सरळ ठोकलेला नाही.

योजना स्पष्ट आहे. छतावर सोलर पॅनेल, पलंगाखाली बॅटरी आणि इन्व्हर्टर. वीज कंपनीची तार नाही, कुणाचे उपकार नाहीत. एक मेला निघायचं, मी आणि ही, चांगले दोन महिने. हिची अट एकच. एक अख्खी दुपार गाडीत पंखा चालला पाहिजे, फ्रिज गार राहिला पाहिजे आणि किटलीत चहा झाला पाहिजे, तरच येईन म्हणाली. मी म्हटलं, एक काय, दहा दुपारी घे.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. रिटायर झाल्यापासून मी एका खोलीत गेलो की ही उठून दुसऱ्या खोलीत जाते. गाडीत दुसरी खोलीच नाही.

५ मार्च
इन्व्हर्टरच्या दुकानात गेलो. दुकानदार विचारायला लागला, गाडीत काय काय चालवणार, एकूण लोड किती. म्हटलं, चौकशा नकोत, माल दाखवा. तीस वर्षं खरेदी विभाग सांभाळलाय, मोठं ते चांगलं एवढं मला कळतं. सगळ्यात मोठा उचलला. दुकानदार म्हणाला, त्याच्याबरोबर अंगठ्याएवढी जाड केबल घ्या. नाही घेतली. फ्यूज घ्या म्हणाला. तोही नाही. या लोकांचा धंदाच माणसाला घाबरवण्यावर चालतो. घरी जुन्या टेबललॅम्पची वायर पडून आहे. वायर ती वायर.

ही मॅन्युअल चाळत बसली होती. म्हटलं, ठेव ते, तुला नाही कळायचं.

९ मार्च
छताला भोकं पाडायला ड्रिल हवं, ड्रिलला वीज हवी. साडूच्या घरातून एक्स्टेंशन घेतली. याला अवलंबून राहणं म्हणत नाहीत, ही तात्पुरती सोय. साडू दिवसभर दारात उभा राहून मीटरकडे बघत होता. कद्रू.

एक भोक जास्त पडलं. हवा खेळती राहील.

१० मार्च
पाऊस. गादी भिजली. या दिवसांत कधी पाऊस पडतो का? कुणाला कसली शिस्तच राहिलेली नाही.

१६ मार्च, सकाळी ११
इन्व्हर्टर जोडला. ठिणगी. जळका वास. इन्व्हर्टर गप्प.

दुपारी ४
दुकानदार म्हणतो, प्लस-मायनस उलटे लावलेत. मी विचारलं, उलटं लागू शकेल असं यंत्र बनवलंच कुणी? लाल वायर लाल खुणेला लावायची म्हणे. माझ्या दोन्ही वायरी पांढऱ्या, त्याला मी काय करू? दुसरा इन्व्हर्टर घेतला. दुसऱ्या दुकानातून. पहिल्याला अद्दल घडली पाहिजे.

२१ मार्च
पॅनेल बसवली. देखणी दिसतात. कंपनीने वर दुधी रंगाचं प्लास्टिक चिकटवून पाठवलंय. ही खालून म्हणाली, अहो, ते काढायचं असतं. मी शिडीवरूनच ओरडलो. आपल्या सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही म्हणून सोफा आजही नवा आहे. ही म्हणाली, म्हणूनच त्यावर कुणी बसत नाही. विषय बदलायची हिची जुनी खोड.

२८ मार्च
आठवडाभर लख्ख ऊन. बॅटरी सात टक्के. सूर्यात खोट नाही, पॅनेल नवी कोरी आहेत, म्हणजे बॅटरी आळशी निघाली. साडू म्हणाला, आमच्या घरातून चार्ज करून घ्या. भीक नको पण कुत्रा आवर. याच्या विजेवर पंखा फिरवण्यापेक्षा मी उकडत बसेन.

बसलोच. दोन तास.

२ एप्रिल
अखेर नमतं घेतलं. एक्स्टेंशनवरून बॅटरी भरली. आणीबाणीत शत्रूचीही मदत घेतात.

पंखा, फ्रिज, किटली, सगळं एकदम लावलं. वायर तापली. पलंगाखालून धूर यायला लागला. फार नव्हता. मी वायर हाताने ओढली, तळवा भाजला. साडू बादली घेऊन धावत आला. विजेवर पाणी ओतायला निघालेल्या माणसाला मूर्ख म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? म्हटलं. त्याने बादली माझ्यावर रिकामी केली. चुकून म्हणाला. तेवीस वर्षांत याच्या हातून झालेलं हे पहिलं नेमकं काम.

ही दारात उभी राहून बघत होती. बराच वेळ. मग बहिणीबरोबर आत निघून गेली.

३ एप्रिल
हाताला पट्टी. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस कुठलंही काम नको. डॉक्टरला काय जातंय? एक मे तोंडावर आलाय. पण ठीक आहे, तेवढ्यात प्रवासाचा मार्ग आखतो. समुद्रकाठाने जायचं. हिला समुद्र आवडतो, असं माझ्या लक्षात आहे. की डोंगर? विचारायला हवं.

९ एप्रिल
ही रोज बहिणीकडे जाते. मॅन्युअल घेऊन. दोघी गाडीजवळ खुर्च्या टाकून वाचत बसतात. बायकांना कशात विरंगुळा वाटेल सांगता येत नाही. काल हिची बोटं काळी झालेली होती. बहिणीने घरकामाला जुंपलेली दिसते. त्या घरात सगळेच फुकटे.

विचारायचं राहिलं. मी खोलीत गेलो तेव्हा ही बाल्कनीत गेली होती.

१४ एप्रिल
पट्टी सुटली. थेट गाडीत गेलो. बॅटरी ब्याण्णव टक्के! मी पहिल्यापासून म्हणत होतो, नव्या बॅटरीला अंगवळणी पडायला वेळ लागतो.

वायरी बदललेल्या आहेत. जाडजूड, लाल आणि काळी. मध्ये फ्यूज. दुसऱ्या दुकानाला मी कडक शब्दांत तक्रार लिहिली होती, त्यांनीच घाबरून माणूस पाठवला असणार. माणसाने कडक असावं. छतावरचं जास्तीचं भोकही बुजलंय. पॅनेलवरचं प्लास्टिक वाऱ्याने निघालं आणि आत येऊन पलंगावर घडी होऊन पडलं. साडूच्या अंगणात वारा फार.

२० एप्रिल
चाचणीची दुपार. मी, ही, मेहुणी, साडू, चौघे गाडीत. पंखा चालला. फ्रिज गार. किटलीत चहा झाला. संध्याकाळ होत आली तरी पंखा चालूच. ही डोळे मिटून वाऱ्यात बसली होती. इतकी शांत मी हिला कित्येक वर्षांत पाहिली नाही. म्हटलं, बघ, सांगितलं होतं की नाही?

मेहुणी खोकली. साडूला राहवलं नाही. म्हणाला, या दोघींनी दिवसभर उन्हात राबून सगळं नव्याने जोडलंय, तुम्ही कसलं श्रेय घेताय. या माणसाचा स्वभावच फूट पाडण्याचा. हिला विचारलं, खरं का? हो म्हणाली आणि कप विसळायला गेली.

हरकत नाही. डोकं माझं, हात तिचे. यालाच संसार म्हणतात.

२६ एप्रिल
माझी बॅग भरून तयार.

रात्री जेवताना ही म्हणाली, एक तारखेला ती आणि मेहुणी निघतायत. दोघीच. मला वाटलं, थट्टा. थट्टा नव्हती. मी अटीची आठवण करून दिली. पंखा चालला, फ्रिज चालला, चहा झाला, आता यायचंस, ठरलं होतं. ही म्हणाली, अट पूर्ण झाली, पण ती मी केली. मग आवाज न चढवता म्हणाली, तुमच्या ओरडण्याला त्या गाडीत जागा नाही.

मी ओरडून विचारलं, मी कधी ओरडतो?

१ मे, सकाळी ८
गेल्या. मेहुणी चालवत होती. ही खिडकीतून हात हलवत होती, आणि हसत होती. मला वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणाला सांगणार? अंगणात साडूशिवाय कुणी नव्हतं.

दोन दिवसांत परत येतील. पहिल्याच वळणावर माझी आठवण होईल.

५ मे
आल्या नाहीत. साडूने चहाला बोलावलं. गेलो, घरी तरी कोण आहे? गाळणी कुठे असते हे त्याला माहीत नाही. मलाही आमच्या घरातली माहीत नाही, पण ते मी बोललो नाही. चहापत्ती चावत बसलो. याच्याशी बोलायला विषय नसतो. यालाही माझ्याशी नसतो.

९ मे, सकाळी १०
फोन आला. मागे पंखा फिरत होता, मेहुणी कशावर तरी खिदळत होती. मी विचारलं, परत कधी? ही म्हणाली, बॅटरी संपली की येऊ.

फोन ठेवला आणि जीवात जीव आला. बॅटरी कितीशी टिकणार? माझ्या हाताखाली तर ती सात टक्क्यांवर येऊन बसली होती. मग आठवलं, आता ती माझ्या हाताखाली नाही.

तडक साडूच्या अंगणात गेलो. तोही तिथेच उभा होता, कपाळावर हात धरून वर बघत. त्यालाही फोन आला असावा. मी वर पाहिलं. कडकडीत ऊन. आकाशात ढगाचा ठिपका नाही.