कमानीवरची तुळई

बाबा, तुम्ही बोटांनी ठोकून पाहिलेली ती तुळई गेल्या महिन्यात पडली. आपल्या टाऊनमधल्या जुन्या सराईची, रस्त्याकडच्या कमानीवरची. तिच्याखालून पूर्वी घोडागाड्या आतल्या चौकात जायच्या आणि तिच्याच जोरावर वरची खोली रस्त्यावर हातभर पुढे आलेली आहे. होती. त्या खोलीत चादरी बदलणारी बाई खोलीसकट खाली आली. तिचा पाय कापावा लागला.

मी आर्किटेक्चरची परीक्षा पास झाले म्हणून तुम्ही तिथे जेवायला नेलं होतंत. छत बुटकं, कमानीवरच्या त्या तुळईचं आत आलेलं टोक बरोबर आपल्या टेबलावर. "अगं, हा तर आपल्याकडच्या वाड्यातला कडीपाट," म्हणत तुम्ही उठता, डावा तळवा लाकडावर ठेवून उजव्या हाताच्या बोटाने ठोकता, वॉर्डात पेशंटची छाती ठोकावी तसं. मालक हसतो, "डॉक्टर, जगेल ना?" तुम्ही मला हळूच मराठीत सांगता, "आतून पोखरलीय. वरचा काळा रंग बघू नकोस." शेजारची टेबलं वळून बघतात. मी म्हणते, "बाबा, हात काढा. हे तुमचं हॉस्पिटल नाही." तुम्ही हात मांडीवर ठेवलात आणि निघेपर्यंत वर पाहिलं नाहीत.

जुन्या इमारती तपासण्यातच माझं आयुष्य गेलं. गेल्या वर्षी त्या सराईचं काम माझ्याकडे आलं. भिंतीत चुन्याच्या जागी कोणीतरी सिमेंट भरलेलं, म्हणजे ओल आत कोंडलेली, लाकडाला किडीचं आमंत्रणच. एकेक तुळई हातोडीने ठोकत आले. ती एक सोडून. तिच्याखाली उभी राहिले आणि तुमचा तळवा दिसला. हातोडी खाली केली, "ठीक" लिहिलं आणि पुढे गेले.

आता चौकशीवाले विचारतात, ही कशी तपासली? तुमचा नातू म्हणतो, "आई, तू टॅप केला म्हण ना. कोण प्रूव्ह करणार?" "तुळई ती. टॅप केली," मी म्हटलं. व्याकरण तेवढं सुधारलं आणि चौकशीचा कागद दोन दिवस तसाच ठेवला. आज उत्तर लिहिलं: ठोकून पाहिली नाही. सही केली. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

ते उत्तर उद्या जाईल. तुम्ही तर आता नाही, हे पत्र कुठे टाकणार? चौकशीत कोणी विचारणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. त्या दिवशी तुम्ही ठोकलंत तेव्हा तो पोकळ आवाज मलाही ऐकू आला होता.