भूक मारायच्या गोळ्या

८ जानेवारी १९६७
सासूबाईंच्या बेंबीजवळची हर्नियाची गाठ पुन्हा बाहेर आली. मुरमुऱ्याच्या भट्टीवरून उठताना कळवळल्या. डॉक्टर म्हणाले — ऑपरेशन करावंच लागेल, पण एवढ्या वजनावर भूल देणं धोक्याचं. आधी वजन उतरवा. भूक मारायच्या गोळ्या दिल्यात. होळीनंतर नागपूरचे सर्जन येणार आहेत, तोवर मुदत.

९ जानेवारी
घरी वजनकाटा कुठला! आई, म्हणजे सासूबाई, थेट मंडीत गेल्या आणि धानाच्या काट्यावर बसल्या. मी लाजेनं मेले. हमाल हसले. आई शांतपणे म्हणाल्या, "हासून घ्या. होळीले पुन्हा येतो."
मला हे जन्मात जमलं नसतं.

२० जानेवारी
भूक खरंच मेली. पण तोंडाला कोरड, हात थरथरतात, झोप नाही. पहाटेच सगळी पितळी भांडी घासून ठेवतात. आज माझ्यावर विनाकारण ओरडल्या. मग स्वतःच जवळ येऊन बसल्या — "गोळी बोलली वं, मी नाही."

४ फेब्रुवारी
छातीत धडधड. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या.

११ फेब्रुवारी
दबलेली भूक दुपटीनं परतली. आई दिवसभर मुरमुरे भाजतात, गरम गरम मापून देतात, एक दाणा तोंडात टाकत नाहीत. आज यांना राहवलं नाही. "आई, दोन घास खाऊन घे ना."
"काहून? भूक आली तं येऊ दे. बसन बाजूले. मी काम करून राह्यली."
हे उठून अंगणात गेले. डोळे पुसत होते.

२८ मार्च
होळी झाली. आई पुन्हा मंडीत, पुन्हा काट्यावर. भैयालाल हमालानं समोरच्या पारड्यातली वजनं काढली, आणखी काढली. या वेळी कोणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता भूल देता येईल. परवाच्या दिवशी ऑपरेशन.

३० मार्च
ऑपरेशन झालं नाही. ऐन वेळी लांजीकडची एक बाई खाटेवर घालून आणली. तिच्या गाठीत आतडं अडकून काळं पडत होतं. सर्जनना दुपारची गाडी गाठायची, वेळ एकीपुरताच. कोणी काही विचारायच्या आत आई टेबलावरून उतरल्या. "तिले घ्या. माही गाठ थांबते."
बाई वाचली. सर्जन आता दिवाळीनंतरच येणार.
घरी आल्यावर मी आईंना ताटभर भात वाढला.
"कमी कर वं," त्या म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत असंच ठेवा लागन."