करपलेला कोपरा

प्रिय ठमे,

रागावू नकोस, पण तू पाठवलेला ओव्हन आम्हाला नको आहे. घे, एकदाचं सांगून टाकलं. फोनवर सांगायला गेलो की तू लगेच घाबरतेस, बाबा काय झालं, काय झालं करतेस, मग मी आपला सगळं झकास चाललंय म्हणतो आणि फोन ठेवतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

ओव्हनमध्ये काही खोट नाही गं. आणि निवडताना माझा उत्साह काही तुझ्याहून कमी नव्हता. आठवतंय ना, केवढा घोळ घातला आपण! लहान घ्यायचा की मोठा, आत पंखा हवा की नको, फिरवायची बटणं की नुसतं काचेवर बोट टेकवायचं. तू म्हणालीस ओट्यावरची जागा मोजा, आणि मी पडलो शिंपी माणूस, टेप घेऊन ओट्यावर जवळजवळ आडवाच झालो. शिलाईला सोडतो तशी चारी बाजूंनी जागा सोडून तुला माप कळवलं. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ओट्याला झगा शिवताय की काय? तेव्हा अशी बोलायची ती. मग ओव्हन आला, पाठोपाठ मोठ्या भांड्याचा तो मिक्सर आला, चिमूटभर मीठसुद्धा तोलून दाखवणारा वजनकाटा आला. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं मी. माझी मुलगी अशी, माझी मुलगी तशी, ऐकून ऐकून लोक कंटाळले असतील.

आपला जुना ओव्हन मात्र एक नंबरचा लबाड होता. बटण एकशेसाठवर ठेवा, आत एकशेऐंशीची भट्टी. दार नीट लागायचं नाही म्हणून मुठीला माझ्या जुन्या टेपचा फास बांधायचा. आणि डावीकडचा मागचा कोपरा तर हटकून करपवायचा. आईला त्याच्या सगळ्या खोड्या पाठ होत्या. बटण ती नेहमी मुद्दाम खाली ठेवायची, अर्ध्यात दार उघडून केकचं भांडं फिरवायची, आणि तरी एक कोपरा काळा व्हायचाच. तो कोपरा तुझा. लहानपणी त्यावरून केवढं रडायचीस, दुसऱ्या कुणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायचीस. पाहुणे बसलेले असोत की कुणाच्या वाढदिवसाचा केक असो, आई आधी तो तुकडा कापून बशीत बाजूला ठेवायची आणि मगच बाकीच्यांना द्यायची. तू लग्न होऊन गेलीस तरी तिचा हात तो तुकडा बाजूला काढायचाच, आणि मग तुझ्या नावानं मी खायचो.

तर हा तुझा नवा ओव्हन सरळमार्गी आहे. जेवढं सांगाल तेवढंच तापतो, आणि तिथंच सगळं बिघडलं. आई बटण जुन्याच खुणेवर ठेवते. अर्ध्यात दार उघडून भांडं फिरवते, गरम हवा बाहेर, केक खाली. वरून सोनेरी आणि आत लगदा. पहिल्यांदा आम्ही दोघं हसलो. मी तिला समजावलं, अगं हा खरं बोलणारा आहे, याला एकशेऐंशी म्हणजे एकशेऐंशी. ती हो म्हणाली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी बटणावर खुणेची चिठ्ठी चिकटवली, तर हा कचरा कुणी लावला म्हणून तिनं ती खरवडून काढली. मी गुपचूप बटण वाढवावं, तर तिनं येऊन पुन्हा खाली आणावं, वर मलाच बोलावं की शिवणयंत्र सोडून माझ्या कामात कशाला नाक खुपसता. वजनकाट्यावर ती आता चष्मा ठेवते. मिक्सरच्या आवाजानं दचकते आणि लाकडी चमच्यानंच फेटत बसते.

आणि ठमे, फेटते कशी म्हणशील तर अगदी पहिल्यासारखी! अंडं एका हातानं फोडते, मैदा मुठीनं घालते, एक गुठळी दिसेल तर शपथ. हातांचं काहीच चुकत नाही. पण दर वेळी आतून लगदा निघाला की तिचा चेहरा बघवत नाही मला. मागच्या आठवड्यात ती ओट्यापाशी उभी राहून रडली. म्हणाली, माझा हात गेला हो. तेव्हापासून ॲप्रन खुंटीवर आहे.

आता खरं काय ते. आई फोनवर का येत नाही म्हणून तू विचारतेस आणि मी कधी ती अंघोळीला गेलीय म्हणतो, कधी झोपलीय म्हणतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे वयाचं विसरणं नाही, हा आजार आहे आणि तो मागे फिरणारा नाही. डोकं आधी विसरतं, हात उशिरा. नवं काही आता तिच्यात शिरायचं नाही. केक तेवढा तिच्याजवळ उरलाय, तो मी असा जाऊ देणार नाही.

काल ती तुझ्या ओव्हनची काच पुसत होती. मला विचारलं, एवढी महागाची वस्तू आपल्याला कुणी दिली? मी म्हणालो, तुझ्या मुलीनं. तिनं माझ्याकडे बघितलं, थोडा वेळ विचार केला, आणि म्हणाली, गुणाची दिसतेय हो पोर, तिला आभाराचं पत्र टाका. म्हणून हे पत्र. जुना ओव्हन भंगारात द्यायला तुझा जीव झाला नव्हता आणि तू तो नेऊन तुझ्या घरच्या गॅलरीत ठेवलास, वर कुंड्या मांडल्यास. त्या कुंड्या उतरव आणि त्याला घेऊन तूच ये. वाटेत कुणी दुरुस्त करून देतो म्हणालं तर हात लावू देऊ नकोस, त्याच्या सगळ्या खोड्या तशाच हव्यात. टेप मी देतो. ती बटण खाली ठेवेल, अर्ध्यात भांडं फिरवेल, केक फुगेल आणि एक कोपरा करपेल. तो कापून ती बशीत बाजूला ठेवेल बघ. कुणासाठी, हे तिला सांगता आलं नाही तरी तू समोर बस, आणि खा.

तुझाच,
टेप काढून वाट बघत बसलेला
बाबा